तारांखाली पांढरे डाग आले, म्हणून तारा काढाव्यात का?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला, कारण त्यात एक नाही, तीन प्रश्न गुंतले आहेत. मुलगी १३ वर्षांची, आठवीत. तारा लावून ८ महिने झाले. परवा वरच्या पुढच्या दातांवर, हिरडीला लागून, खडूने ओढल्यासारखे पांढरे पट्टे दिसले. ब्रश दोन वेळा होतो, तुम्ही स्वतः शेजारी उभ्या असता. सासर यवतमाळ जिल्ह्यातल्या पांढरकवड्याकडचं. तिकडच्या जास्त फ्लोराइडच्या पाण्याने दात खराब झालेली माणसं घरातच आहेत, म्हणून तुमच्याकडे पहिल्यापासून बिनफ्लोराइडची पेस्ट. आता सासूबाई म्हणतात, आमच्याकडचं दुखणं पोरीत उतरलं. शेजारच्या वहिनी म्हणतात, ब्रॅकेट, म्हणजे तार धरणारे दातांवरचे छोटे चौकोन, चिकटवायच्या केमिकलने दात खाल्ले. आणि तुम्ही विचारताय, तारा काढूनच टाकू का?

तोंडात न बघता छातीठोकपणे सांगणार नाही. पण मी साताऱ्यात १९ वर्षं तारांचंच काम करते आहे, त्या अंदाजाने सांगते: ही बहुधा किडीची पहिली पायरी आहे. खड्डा पडलेला नाही, म्हणजे अजून थांबवता येण्यासारखी आहे.

सासूबाईंचं म्हणणं आधी घेऊ, कारण त्यांची भीती खोटी नाही. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड फार असतं. आपल्या मानकात लिटरला १ मिलिग्रॅम ठीक धरतात आणि दुसरी सोयच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतात. त्याच्या वरचं पाणी लहानपणी वर्षानुवर्षं पोटात गेलं की दात बिघडतात. पण ते बिघडतात दात घडत असताना. पुढच्या दातांचं इनॅमल, म्हणजे वरचं कडक कवच, चार-पाच वर्षांच्या वयापर्यंत हाडाच्या आतच घडून पूर्ण होतं. असा फ्लोराइडने बिघडलेला, म्हणजे फ्लोरोसिसचा दात उगवतो तोच डाग घेऊन. तेराव्या वर्षी, ८ महिन्यांत तो नव्याने होत नाही.

दिसण्यातही फरक असतो. फ्लोरोसिस जोडीने येतो, डावीकडच्या दातावर तसाच उजवीकडच्या दातावर. कडा विरघळलेल्या ढगासारख्या असतात आणि तो दातभर पसरलेला असतो. तारांमुळे आलेला डाग जागा धरून बसतो: ब्रॅकेट आणि हिरडी यांच्यामधल्या पट्टीत, ब्रॅकेटच्या कडेला बिलगून, चंद्रकोरीसारखा. चमक गेलेली असते. हवेने दात वाळवला की तो आणखी उठून दिसतो. तारा लावण्याआधी तुमच्या डॉक्टरांनी फोटो काढले असतील, ते मागा. नसतील तर तिचा तिसरी-चौथीतला वाढदिवसाचा दात काढून हसतानाचा फोटो शोधा. तेव्हा दात स्वच्छ असतील तर प्रश्न मिटला.

आता वहिनींचं केमिकल. ब्रॅकेट चिकटवण्याआधी आम्ही दातावर फॉस्फोरिक आम्ल लावतो, हे खरं आहे. १५ ते ३० सेकंद ठेवतो, मग पाण्याने धुऊन टाकतो. त्यावर ब्रॅकेट बसतं आणि खालची जागा झाकली जाते. तारा काढल्यावर एक गंमत दिसते: ब्रॅकेटखालचा चौकोन नितळ असतो, आणि किडला असेल तर त्याच्या भोवतीचा दात. केमिकलने खाल्लं असतं तर उलटं दिसायला हवं होतं.

तेव्हा तुमचा खरा प्रश्न असा: दोन वेळा ब्रश करूनही असं का झालं?

दातावर जो चिकट थर जमतो, ज्याला आपण किटण म्हणतो, त्यात जिवाणू असतात. आपण साखर किंवा पिष्टमय काही खाल्लं की ते त्याचं आम्ल करतात. आपल्या शाळेच्या पुस्तकातला सामू (पीएच) आठवा, तो जितका कमी तितकं आम्ल जास्त. किटणातला सामू ५.५ च्या खाली गेला की इनॅमलमधली खनिजं सुटायला लागतात. लाळ येऊन आम्ल धुते आणि खनिजं परत भरते, पण त्याला अर्धा-पाऊण तास लागतो. ही ओढाताण आपल्या सगळ्यांच्या तोंडात रोज चालते. तारा लावल्यावर फरक इतकाच पडतो की किटणाला लपायला जागा मिळते. गुळगुळीत दातावर जीभ, ओठ आणि लाळ आपोआप झाडू मारत असतात. ब्रॅकेट बसलं की त्याच्या वर, हिरडीपर्यंत दोन-तीन मिलिमीटरची गल्ली तयार होते. तिथे ओठ पोचत नाही आणि ब्रशही ब्रॅकेटवरूनच घसरून जातो. या गल्लीत किटण न हलवता बसलं तर साधारण महिन्याभरात पांढरा डाग डोळ्यांना दिसू शकतो. एक महिना म्हणजे आमच्याकडच्या दोन भेटींमधलं अंतर. तुम्ही बेसावध होतात असं मुळीच समजू नका.

वरच्याच दातांवर का, हेही सांगते. खालच्या पुढच्या दातांच्या मागे लाळेच्या ग्रंथींची तोंडं उघडतात, ते दात दिवसभर भिजलेले असतात. वरचे पुढचे दात कोरडे राहतात. त्यातही मधल्या दोन दातांच्या शेजारचे छोटे दात सर्वांत आधी सापडतात, कारण तिथे गल्ली अरुंद असते. मुलीला तोंड उघडं ठेवून झोपायची सवय असेल तर हे दात रात्रभर वाळतात. घोरणं, सतत चोंदलेलं नाक, सकाळी सुकलेले ओठ असं काही असेल तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना एकदा दाखवा. ब्रशने न सुटलेली एखादी केस तिथे सुटते.

माझीच एक चूक सांगते. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत दहावीतला एक मुलगा होता. प्रत्येक भेटीला मी त्याच्या केसपेपरवर लिहायचे, 'ब्रशिंग खराब, समज दिली'. दोन वर्षांत बारा-पंधरा वेळा तरी लिहिलं असेल. तारा काढायच्या दिवशी पक्कडने एकेक ब्रॅकेट उतरवत गेले, उरलेला गोंद घासला, हवा मारून दात वाळवले. वरच्या सहाही दातांवर चौकोन उमटलेले होते, मध्ये नितळ आणि भोवती पांढरी चौकट. दात ओळीत कवायतीला उभे असल्यासारखे सरळ, आणि प्रत्येकाच्या अंगावर शिक्का. त्याच्या आईने आरसा हातात घेतला, बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "हे आधी नव्हतं ना?" माझ्याकडे आधीचा धड फोटोही नव्हता. समज दिली म्हणजे मी काय केलं होतं? 'नीट घास' एवढंच म्हटलं होतं. नीट म्हणजे कुठे आणि कसं, हे त्याला एकदाही आरशात दाखवलं नव्हतं.

तेव्हापासून माझ्याकडे रंगाची गोळी असते. मुलाने ती चावायची, थुंकायची, एक चूळ भरायची. जिथे किटण आहे तिथे गुलाबी रंग चढतो. मागच्याच महिन्यात तुमच्या मुलीच्या वयाची एक मुलगी 'आत्ताच ब्रश करून आले' म्हणत बसली. रंग लावून आरसा दिला. ब्रॅकेटचा चेहरा लखलखीत, आणि वर हिरडीलगत सलग गुलाबी काठ, पैठणीला असतो तसा. ती खोटं बोलत नव्हती. ब्रश केला होता, पण ब्रॅकेटवर. या गोळ्या काही औषधांच्या दुकानांत मिळतात, नाहीतर तुमच्या डॉक्टरांकडे मागा. आठवड्यातून एकदा, रविवारी रात्री, ब्रश झाल्यावर वापरा. शेजारी उभं राहून लक्ष ठेवण्यापेक्षा याचा उपयोग जास्त होतो, आणि आई-मुलीचं भांडणही होत नाही. दोघींना दिसतं ते एकच.

आता हात कसा चालवायचा. लहान डोक्याचा, मऊ केसांचा ब्रश घ्या. तारेसाठी मधोमध खाच असलेला मिळतो तोही चालेल. पहिली फेरी गल्लीची: ब्रश तिरका धरून केस हिरडीच्या कडेवर टेकवायचे आणि जागच्या जागी छोटे गोल फिरवायचे, एका दातावर मनातल्या मनात पाच मोजेपर्यंत. दुसरी फेरी ब्रॅकेटच्या दुसऱ्या बाजूची, वरच्या दातांना खालून वर. ब्रॅकेटचा चेहरा सगळ्यात शेवटी, तो तसाही साफ होतो. मग बाटली घासायच्या ब्रशचं चिमुकलं पिल्लू असावं तसा एक ब्रश मिळतो, इंटरडेंटल ब्रश म्हणून. तो तारेच्या मागून वरून खाली घालायचा, दोन ब्रॅकेटांच्या मधल्या प्रत्येक जागेत, आणि तीन-चार वेळा वर-खाली करायचा. या सगळ्याला पाच-सहा मिनिटं लागतात. सकाळी शाळेच्या गडबडीत हे होणार नाही आणि मी तसा आग्रहही धरत नाही. सकाळी दोन मिनिटांचा साधा ब्रश करू दे. पण रात्रीचा हा कार्यक्रम एकदाही चुकवायचा नाही, कारण झोपेत लाळ जवळजवळ थांबते आणि रात्री जे राहिलं ते सकाळपर्यंत काम करत राहतं. विजेवर चालणारा ब्रश किंवा पाण्याची पिचकारी मारणारं यंत्र परवडत असेल तर घ्या. पिचकारीने अन्नाचे कण उडतात, चिकटलेलं किटण पूर्ण निघत नाही, म्हणून ते ब्रशच्या जोडीला असावं, ब्रशच्या ऐवजी नको.

आता पेस्ट. इथे मला तुमच्या घरचा नियम मोडायला सांगावा लागणार. फ्लोराइड नसलेल्या पेस्टने दात घासले जातात, पण सुटलेली खनिजं परत बसवायला मदत होत नाही. फ्लोराइड असेल तर परत बसणारा थर आधीपेक्षा चिवट होतो, आम्लाला सहज दाद देत नाही. पांढरकवड्याचं फ्लोराइड पाण्यातून पोटात जात होतं, लिटरच्या लिटर, तेही दात घडण्याच्या वयात. पेस्टचं फ्लोराइड दातावर लावून थुंकायचं आहे, आणि तिचे हसताना दिसणारे दात केव्हाच घडून झाले आहेत. सासूबाईंना हे याच शब्दांत सांगून बघा. आपल्याकडे पेस्टमध्ये जास्तीत जास्त १००० पीपीएम (दहा लाखांत १००० भाग) फ्लोराइडला परवानगी आहे, ट्यूबवर तो आकडा छापलेला असतो. १००० च्या जवळपासची घ्या, मग ती कुठल्या का कंपनीची असेना. घरात सहा वर्षांच्या आतलं, पेस्ट गिळणारं लहान मूल असेल तर त्याला मात्र वाटाण्याएवढीच, आणि अगदीच तान्हं असेल तर तांदळाच्या दाण्याएवढी.

आणि आपली ती खळखळून चुळा भरायची सवय! घासून झालं की तांब्याभर पाण्याने पाच-सहा चुळा, शिवाय घसा साफ करायचा आवाज वेगळाच. त्यात सगळं फ्लोराइड मोरीत जातं. फेस थुंकून टाकायचा, अगदीच वाटलं तर एक छोटी चूळ, बस. पहिला आठवडा तिला तोंड 'धुतल्यासारखं' वाटणार नाही. मग अंगवळणी पडतं.

डाग आधीच दिसत असल्यामुळे माझ्याकडे ती आली असती तर आणखी दोन गोष्टी केल्या असत्या. एक, दातांवर फ्लोराइडचं व्हार्निश, म्हणजे चिकट पातळ लेप. ब्रशने दोन मिनिटांत लावून होतं, दुखत नाही, त्या दिवशी दात जरा पिवळट दिसतात एवढंच. साधारण दर तीन महिन्यांनी लावतात, डाग ताजे असतील तर मी त्याहूनही लवकर लावते. दोन, ०.०५ टक्के सोडियम फ्लोराइडची चूळ, रोज एकदा, ब्रशच्या वेळा सोडून. शाळेतून आल्यावरची वेळ बरी. एक मिनिट तोंडात फिरवून थुंकायची, पुढे अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही. औषधाच्या दुकानात 'माउथवॉश द्या' म्हणून मिळेल ती बाटली आणू नका. हिरड्यांसाठी देतात तो क्लोरहेक्सिडिनचा वेगळा असतो. तो आठवडा-दोन आठवड्यांचा पाहुणा, महिनोन्महिने वापरला तर दात तपकिरी होतात. लाल मंजन, कोळसा, मीठ, मशेरी हे तर तारांच्या तोंडात आणूच नका. बोटाने लावलेली पूड तारेखाली जात नाही आणि जिथे पोचते तिथे दात खरवडते.

खाण्याबद्दल तुम्ही लिहिलंय की 'चॉकलेट पूर्ण बंद केलंय'. चांगलं आहे, पण मला तिचा दिवस हवा होता. आठवीतल्या मुलांचा दिवस मी पुष्कळ वेळा लिहून घेतला आहे, आणि तो साधारण असा निघतो. सकाळी चॉकलेटची पूड घातलेलं दूध. व्हॅनमध्ये दोन बिस्किटं. मधल्या सुट्टीत डबा, जेवणाच्या सुट्टीत डबा. घरी आल्यावर चहा-खारी. क्लासला जाताना ग्लुकोजच्या पाण्याची बाटली, 'उन्हाचं लागतं हो' म्हणून. क्लास सुटल्यावर वेफर्स. रात्री जेवण, आणि अभ्यास करताना पुन्हा साखर घातलेलं दूध. चॉकलेटची वडी यात कुठेच नाही, पण दातावर आम्ल आठ-नऊ वेळा चढलं. त्यात ग्लुकोजची बाटली सगळ्यात वाईट. दोन तास घोट घोट पिताना सामू वर यायला सवडच मिळत नाही. मला गोडाच्या प्रमाणापेक्षा गोडाच्या वेळांची काळजी वाटते. जेवणात वाटीभर शिरा खाऊन ती मोकळी झाली तर दात एकदा झटका खाऊन सावरतो. सणाच्या दिवशी पानात पुरणपोळी खाऊ दे, दोन खाऊ दे. बाटलीत मात्र साधं पाणी, आणि ब्रश झाल्यावर दूध नाही. रात्रीचं दूध हवंच असेल तर ब्रशच्या आधी आणि बिनसाखरेचं. खोकल्याची गोड औषधंही याच हिशोबात धरा.

कडक खाण्याचं तुमच्या डॉक्टरांनी सांगितलंच असेल. आमच्याकडे संक्रांतीनंतरचा आठवडा तुटलेल्या ब्रॅकेटांचा असतो. चिक्की, कडक तिळाची वडी, दाताने सोललेला ऊस, गाडीवरचं कणीस, बियांसकट बोरं. यात किडीशी संबंध असा की अर्धवट सुटलेल्या ब्रॅकेटच्या फटीत अन्न जाऊन बसतं, आणि दाढेभोवतीच्या कड्याचं सिमेंट आतून निघालं तर कड्याखाली दाढ गुपचूप किडते. वरून काही दिसत नाही, दुखतही नाही. काहीही हलतंय असं वाटलं की पुढच्या तारखेची वाट न बघता फोन करा.

आत्तापर्यंतचं थोडक्यात धरून ठेवा: रात्री गल्लीतला ब्रश, फ्लोराइडची पेस्ट आणि चुळा कमी, दोन जेवणांच्या मध्ये गोड घोट नाहीत. या तिन्ही गोष्टी पैशाच्या नाहीत, आणि बाकी सगळं त्यानंतर.

आता तारा काढायच्या का? हे तीन गोष्टींवर ठरतं. डाग किती दातांवर आहेत, त्यातला एखादा खरखरीत होऊन खड्डा पडायला लागलाय का, आणि दात सरळ व्हायचं काम किती बाकी आहे. एक-दोन दातांवर, पृष्ठभाग अजून गुळगुळीत, अशी स्थिती असेल तर मी तारा काढत नाही. घरच्यांना आणि मुलीला सहा ते आठ आठवडे देते, व्हार्निश लावते, आणि त्या काळात नवीन तार घट्ट करत नाही. रंगीत रबर काढून बारीक स्टीलच्या तारेने बांधते, कारण रबराभोवती किटण जास्त जमतं. कधीकधी मुख्य तार महिनाभर काढूनच ठेवते. मग नुसत्या ब्रॅकेटांभोवती ब्रश सहज फिरतो आणि मुलीचा हात बसतो. दात थोडे मागे सरकतात, सरकू देत. दोन महिन्यांत डाग वाढले नाहीत आणि त्यांना चमक यायला लागली तर ती किडीची प्रक्रिया थांबल्याची खूण. पांढरेपणा राहील, पण तो जुन्या जखमेच्या व्रणासारखा. मग तारांचं काम पुढे चालू.

पण दोन महिन्यांनी नवे दात पांढरे दिसले, किंवा कुठे खड्डा पडला, तर मी तारा काढते आणि ते स्पष्ट सांगते. वाकडा पण धड दात सरळ पण किडलेल्या दातापेक्षा बरा. वर्षा-दोन वर्षांनी, मुलगी स्वतः मागायला आली की पुन्हा लावता येतात. मी अशा तारा काढल्या आहेत आणि पुन्हा लावल्याही आहेत. दुसऱ्या वेळी ब्रशसाठी कुणाला ओरडावं लागलं नाही. तारांऐवजी दातांवर चढवायच्या, काढून ठेवता येणाऱ्या पारदर्शक साच्याबद्दल, म्हणजे अलाइनरबद्दल, कुणीतरी सुचवेलच. त्यात ब्रश सोपा होतो हे खरं, पण तो दिवसात २२ तास घालावा लागतो, आणि तो घालून सरबत प्यायलं तर साखर दातावर कोंडून ठेवल्यासारखं होतं. ज्या मुलाला शिस्त नाही त्याला अलाइनर वाचवत नाही.

डागांना टोकदार हत्याराने टोकरून बघू देऊ नका, वरचा पातळ थर फुटला की त्याचा खड्डा होतो. 'सिमेंट भरून टाका' म्हणून घाईही नको. तारा निघाल्यावर पहिल्या काही महिन्यांत लाळेनेच बरेच डाग फिके पडतात. सहा महिने थांबूनही डोळ्यांत भरत असतील तर पातळ रेझिन (दाताच्या रंगात मिसळणारं प्लास्टिकसारखं द्रव्य) आत मुरवून ते झाकता येतात, किंवा वरचा अगदी पातळ थर घासून काढता येतो. ते तेव्हाचं तेव्हा.

आज रात्री ब्रशनंतर मोबाइलचा टॉर्च लावा, तिला ओठ दोन बोटांनी वर धरायला सांगा, दात रुमालाने टिपून कोरडे करा आणि एक फोटो काढा. तारीख लिहून ठेवा. महिन्याने त्याच खोलीत, त्याच टॉर्चने दुसरा काढा, आणि दोन्ही घेऊन तुमच्या डॉक्टरांकडे जा.